"ताई, तुमी लय वरडता": लिटल लीगवरच्या एका जुन्या शोधनिबंधाची चिकित्सा

गेल्या उन्हाळ्यात सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर मी महिनाभर घरी, दारव्ह्याला होते. आमच्या इथल्या एका शाळेच्या मैदानावर सुट्टीतही सकाळी बेसबॉलचा सराव चालतो. पी.टी.च्या सरांच्या घरी लग्न होतं, म्हणून ते मला म्हणाले, "तेवढे दिवस पोट्ट्यांना तू घे. तू सॉफ्टबॉल खेळलीस ना विभागापर्यंत? सारखंच आहे." सारखं नाहीये, ते पुढे येईलच. चौदा वर्षांखालची सोळा मुलं, सात ग्लोव्ह, दोन बॅटी आणि साडेआठलाच चटके देणारं ऊन. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा यायचा बंद झाला. थर्ड बेसला उभा राहायचा, हात चांगला होता, पण चेंडू सुटला की मान खाली घालायचा. बाजारात दिसला तेव्हा मी विचारलं, "काऊन बे, येत नाहीस?" तो चपलेकडे बघत म्हणाला, "ताई, तुमी लय वरडता."

खरं सांगते, मला राग आला. कारण माझ्या डोक्यात माझं चित्र वेगळंच होतं. मी मुलांना शाबासकी देणारी, समजावून सांगणारी, आमच्या वेळच्या सरांसारखी न खेकसणारी. पीएचडी करणाऱ्या माणसाला एक आजार असतो, मनाला लागलं की तो पेपर शोधायला बसतो. मीही बसले, आणि त्या रात्री जो शोधनिबंध हाती लागला त्यावर ही पोस्ट आहे. विषय माझा नाही. माझं काम कपाशीच्या मुळांभोवतीच्या जिवाणूंवर आहे. पण पेटची तयारी करणाऱ्या, कोर्सवर्कमध्ये 'क्रिटिकल रिव्ह्यू म्हणजे नक्की काय लिहायचं' असं विचारणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना या निबंधातून जे शिकता येईल, ते रिसर्च मेथडॉलॉजीच्या गाईडमधून येणार नाही, म्हणून लिहितेय.

निबंध १९७९चा आहे. लेखक रोनाल्ड स्मिथ, फ्रँक स्मोल आणि कर्टिस, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातले. 'जर्नल ऑफ स्पोर्ट सायकॉलॉजी' या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी तो छापून आला. प्रश्न साधा होता. लहान मुलांच्या बेसबॉल संघाच्या प्रशिक्षकाला थोडं प्रशिक्षण दिलं, तर त्याचं वागणं बदलतं का, आणि त्यामुळे मुलांना काही फरक पडतो का? लिटल लीग ही अमेरिकेतली मुलांची बेसबॉल संघटना, १९३९मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात सुरू झालेली. तिथला कोच म्हणजे पगारी माणूस नव्हे. बहुतेक वेळा संघातल्याच एखाद्या पोराचा बाप, संध्याकाळी कामावरून येऊन शिकवणारा. म्हणजे बघा, लग्नसराईत उभी केलेली मी, आणि तो बाप, आमची लायकी साधारण सारखीच.

या निबंधाची खरी ताकद त्याच्या आधीच्या कामात आहे, आणि नवीन संशोधक नेमकं तेच वाचायचं सोडतो. १९७७मध्ये याच गटाने एक मोजपट्टी तयार केली होती. मैदानाच्या कडेला निरीक्षक बसवायचा आणि कोच जे जे करेल ते बारा रकान्यांपैकी एकात टाकायचं. मुलाने चांगलं केलं तर कोच शाबासकी देतो की गप्प राहतो? चूक झाली तर धीर देतो, कसं करायचं ते दाखवतो, रागावतो, रागावत-रागावत शिकवतो की दुर्लक्ष करतो? गडबड झाली तर शिस्त लावतो का? हे झाले कशाला तरी दिलेल्या प्रतिसादाचे आठ रकाने. उरलेले चार आपणहून केलेल्या गोष्टींचे: खेळाची सूचना, सर्वसाधारण प्रोत्साहन, कोण कुठे उभं राहणार ही व्यवस्था आणि खेळाबाहेरच्या गप्पा.

यात 'रागावत-रागावत शिकवणे' हा वेगळा रकाना काढलाय, तिथे मी थांबले. "अरे गाढवा, ग्लोव्ह खाली ठेव ना!" हे वाक्य आपल्याकडे कोणीही सूचनेत मोजेल. सांगणाऱ्याच्या मनात ती सूचनाच असते. ऐकणाऱ्याच्या कानात फक्त गाढव जातो. मोजपट्टी बनवणाऱ्यांना हा फरक दिसला, म्हणजे ते नुसते ऑफिसात बसलेले नव्हते, मैदानावर बसले होते.

ही पट्टी घेऊन त्यांनी आधी ५१ कोच बघितले. ५७,२१३ कृती नोंदवल्या, एका कोचमागे साधारण अकराशे. मग ५४२ मुलांना घरी जाऊन विचारलं की कोच कसा वागायचा, आणि खुद्द कोचलाही तेच विचारलं. मुलांनी सांगितलेलं चित्र निरीक्षकाच्या नोंदींशी बऱ्यापैकी जुळलं. कोचचं स्वतःबद्दलचं मत मात्र नोंदींशी जवळजवळ जुळलंच नाही, अपवाद फक्त शिक्षेच्या रकान्यांचा. आपण किती शाबासकी देतो, किती धीर देतो, याचा कोचला पत्ताच नव्हता.

हे वाचलं त्या रात्री मला त्या पोराचं वाक्य पुन्हा ऐकू आलं.

१९७९चा प्रयोग या पायावर उभा आहे. ३१ कोच घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले, १८ प्रशिक्षणाच्या गटात आणि १३ काहीच न केलेल्या गटात. प्रशिक्षणात उपदेश कमी होता. काय करावं, काय टाळावं हे करून दाखवलं, त्यांच्या स्वतःच्या वागण्याच्या नोंदी त्यांना दाखवल्या, आणि सामन्यानंतर स्वतःच स्वतःची नोंद ठेवायला लावली. मोसम संपल्यावर ३२५ मुलांशी बोलले. प्रशिक्षित कोचचं वागणं बदललेलं दिसलं, मुलांनाही ते जाणवलं, कोच जास्त आवडला, संघातली मुलं एकमेकांना जास्त आवडली. ज्यांची वर्षभरापूर्वीची नोंद होती त्या मुलांचा आत्मसन्मान या गटात वाढलेला होता, दुसऱ्या गटात नाही. जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं: ज्या मुलांचा आत्मसन्मान मुळात कमी होता, त्यांच्यात दोन प्रकारच्या कोचमधला फरक सर्वांत मोठा दिसला. थर्ड बेसला मान खाली घालणाऱ्यांच्यात.

इथपर्यंत सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, झालं मग, छान पेपर आहे. माझ्याही मनात तेच आलं. मग दुसऱ्या दिवशी चहा घेऊन परत वाचला, या वेळी पेन्सिल घेऊन.

पहिली खूण मी '३२५' या आकड्याभोवती केली. त्याचं कारण आमच्या प्रयोगशाळेत आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी आठ प्लॉटमधून प्रत्येकी वीस झाडं उपटून आणली आणि मोठ्या ऐटीत गाईडसमोर तक्ता ठेवला, नमुने १६०. सरांनी विचारलं, "खत कशाला दिलं, झाडाला की प्लॉटला?" प्लॉटला. "मग तुझे नमुने किती?" आठ. एका प्लॉटमधल्या वीस झाडांना एकच माती, एकच पाणी, एकच कीड. ती एकमेकांची भावंडं असतात, स्वतंत्र साक्षीदार नसतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला. परिसरशास्त्रातले १७६ प्रयोग तपासले, आणि ज्यांनी सांख्यिकी चाचण्या लावल्या होत्या त्यांतल्या ४८ टक्क्यांत ही चूक सापडली. हर्लबर्ट वाचला नसेल तर ही पोस्ट इथेच सोडून तो आधी वाचा, खरंच.

आता बेसबॉलकडे या. प्रशिक्षण मुलांना दिलेलं नाही, कोचला दिलंय. कोच म्हणजे प्लॉट, मुलं म्हणजे झाडं. म्हणजे खरा आकडा ३१. एखादा कोच स्वभावानेच लाघवी असेल तर त्याच्या हाताखालची सगळी मुलं एकदम खूश दिसणार, आणि त्यांची स्वतंत्र साक्ष धरली तर फरक आहे त्यापेक्षा ठाम वाटणार. १९७९च्या मानाने ही चूक म्हणणं अन्यायाचं होईल. बहुस्तरीय विश्लेषणाची साधनं तेव्हा हाताशी नव्हती. याच गटाने पुढे २००७मध्ये बास्केटबॉलच्या संघांवर काम करताना ती वापरली. पण तुम्ही आज तो आकडा तुमच्या प्रबंधात उचलून ठेवाल, तेव्हा जबाबदारी तुमची.

हीच गोष्ट त्यांच्या सगळ्यांत जास्त उद्धृत होणाऱ्या आकड्याला लागू आहे. १९९२मध्ये बार्नेट, स्मोल आणि स्मिथ यांनी पुढच्या मोसमात किती मुलं परत आली ते बघितलं. साध्या कोचच्या संघांतली २६ टक्के मुलं गळाली, प्रशिक्षित कोचच्या संघांतली फक्त ५ टक्के. कोणत्याही कोचिंगच्या कार्यशाळेत हा आकडा स्लाईडवर असतो. पण प्रशिक्षित कोच आठ होते आणि साधे दहा. साध्या गटातल्या दोन कोचशी पालकांचं भांडण झालं असतं आणि मुलांची टोळीच निघून गेली असती, तरी टक्केवारी किती हलली असती याचा हिशोब तुम्हीच करून बघा. मी हा निष्कर्ष खोटा म्हणत नाहीये. माझ्या स्वतःच्या छोट्याशा अनुभवानंतर तर मला तो खराच वाटतो. आणि म्हणूनच त्याच्याकडे जास्त संशयाने बघायला हवं, कारण आपल्याला हवा तोच निष्कर्ष आपण कमी तपासतो.

दुसरी खूण नियंत्रण गटावर. त्यांना 'काहीच नाही' दिलं. म्हणजे फरक कशामुळे पडला, या विशिष्ट पद्धतीमुळे की विद्यापीठातली माणसं येऊन आपल्याकडे लक्ष देतायत या जाणिवेमुळे? दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ भेटून, समजा, फक्त बॅटिंगचं तंत्र शिकवलं असतं तर उत्तर मिळालं असतं. खताच्या प्रयोगात नियंत्रण प्लॉटलाही आपण पाणी तरी तेवढंच देतो ना.

तिसरी गोष्ट ते करूच शकत नव्हते, ती आपण करायची आहे. त्यांचा निष्कर्ष सांगतो की जिंकण्या-हरण्यात फरक नव्हता, तरी मुलं खूश होती. त्यांच्या आधीच्या अभ्यासातही कोच आवडण्याशी संघाच्या विजयाचा फारसा संबंध नव्हता. सिएटलमध्ये ठीक. तिथे लीग असते, संघ हरला तरी पुढच्या आठवड्यात सामना असतोच. आपल्याकडे शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. जिल्ह्याला एक सामना हरलात की वर्ष संपलं, साहित्य पेटीत. जिंकलात तर विभाग, मग राज्य, आणि त्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण, पुढे नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण. बेसबॉल, सॉफ्टबॉल यांसारखे खेळ आपल्या भागात टिकून आहेत त्यात या कागदाचा वाटा मोठा आहे, हे उगाच लपवण्यात अर्थ नाही. बाप शेतात राबतो त्या पोराला "जिंकणं महत्त्वाचं नाही रे" असं म्हणायला मी कोण? आणि ज्या पी.टी. सरांकडे एका सामन्यासाठी वर्षभराची तयारी आहे, ते ओरडतात तेव्हा त्यात नुसता स्वभाव नसतो, स्पर्धेची रचनाही असते. अमेरिकन निबंधात हा घटकच नाही, कारण तिथे तो बदलत नव्हता. जे बदलत नाही ते मोजता येत नाही.

या निबंधाबरोबर जोडीने वाचायला एक नाव सुचवते. १९७४-७५च्या मोसमात रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर यांनी यूसीएलएचे बास्केटबॉल कोच जॉन वुडन यांचे १५ सराव बघितले आणि २,३२६ कृती नोंदवल्या. अमेरिकेतला त्या काळचा सर्वांत यशस्वी कोच, पण निव्वळ स्तुती जेमतेम सात टक्के. सुमारे तीन-चतुर्थांश नोंदी सूचनांच्याच होत्या: काय कर, कसं कर. म्हणजे शाबासकी वाढवा हा सिएटलचा सल्ला चुकला का? नाही. वुडनपुढे विद्यापीठातले निवडक खेळाडू होते, स्मिथ-स्मोलपुढे लहान मुलं. संशोधनप्रश्न सारखा दिसला तरी लोकसंख्या वेगळी, हे परीक्षेत लिहून पास होतो आपण, पण प्रत्यक्षात विसरतो. आणि त्या दोघांनी २००४मध्ये स्वतःच्याच कामावर पुन्हा लिहिलं. मैदानावरचं मोजलं, पण वुडन सरावाआधी किती बारकाईने नियोजन करायचे ते आम्ही बघितलंच नव्हतं, अशा अर्थाची कबुली त्यात आहे. आपल्या गाजलेल्या पेपरबद्दल जवळपास तीस वर्षांनी असं लिहायला काय लागतं, याचा विचार करा.

आता माझ्या मैदानाचं. निबंध वाचल्यावर मी अकरावीतल्या चुलतबहिणीला वही दिली, त्यात सहाच रकाने आखले, बारा तिला झेपले नसते. ती कडूलिंबाखाली बसून दीड तास रेघा मारत होती. शाबासकीच्या रकान्यात सात रेघा. रागावत-रागावत शिकवण्याचा रकाना भरून रेघा समासात गेल्या होत्या. मी म्हटलं, "तू चुकीचं मोजलंस." ती म्हणाली, "ताई, तू आत्तापण वरडतेच आहेस."

तिची नोंद विश्वासार्ह होती का? दुसरा निरीक्षक नव्हता, ती माझी बहीण, आणि मला माहीत होतं की मोजलं जातंय. म्हणजे एरवी मी याहून जास्तच ओरडत असणार. पद्धत म्हणून शून्य गुण. पण पुढचे आठ-दहा दिवस मी एकच नियम पाळला. चेंडू सुटला की आधी तीन आकडे मनात मोजायचे, मग एकच सूचना, विशेषण न लावता. अवघड गेलं. चौथ्या दिवशी मुलं मैदानावर फक्की मारता मारता मोठ्याने हसत होती. आधी हसायची की नाही ते मी नोंदवलेलं नाही, त्यामुळे यातून काही काढू नका.

एक गोष्ट मात्र या सगळ्या निबंधांत नाही आणि तिने मला जास्त घाबरवलं. सॉफ्टबॉलमध्ये पिचर खालून हात फिरवून टाकतो. बेसबॉलमध्ये वरून. "सारखंच आहे" म्हणत मी एकाच पोराकडून रोज टाकून घेत होते, कारण त्याचा नेम चांगला होता. किती टाकले ते कोणीच मोजत नव्हतं. अमेरिकेत लिटल लीगने २००७पासून चेंडू मोजायला सुरुवात केली, ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५, ९-१० वर्षांच्याला ७५, आणि मग ठरावीक दिवस विश्रांती. २००६च्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले ९५ तरुण पिचर आणि दुखापत न झालेले ४५ यांची तुलना केली. हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. या '३६'कडेही पेन्सिल घेऊन बघा. लोकांना मागचं आठवायला सांगितलंय, आणि ज्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली त्याला आपला थकवा जास्त स्पष्ट आठवतो. तरीही मी दुसऱ्या दिवशी त्या पोराला फर्स्ट बेसला उभं केलं. कोपर दुखतं का विचारल्यावर तो म्हणाला, "थोडंसं, पण तुमी रागवसान म्हून सांगतलं नाई." माझं ओरडणं आणि त्याचं कोपर यांचा संबंध कोणत्याही निबंधात मला सापडला नव्हता. तो मला त्या वाक्यात दिसला. ओरडणाऱ्या कोचला मुलं दुखणं सांगत नाहीत, ही तपासण्याजोगी कल्पना आहे, आणि तिच्यासाठी सिएटलला जावं लागत नाही.

तुमच्यापैकी जे शारीरिक शिक्षण किंवा मानसशास्त्रातून पेट देताय, त्यांनी हे मनावर घ्या. अमरावतीला १९१४पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, आपल्या भागातल्या किती तरी पी.टी. सरांची पदवी तिथली. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या पाच जिल्ह्यांत मिळून तीस शाळांचे संघ गोळा करणं अवघड आहे, अशक्य नाही. आराखडा करताना एकक म्हणून शाळा धरा, मुलं नव्हे. नियंत्रण गटाला तेवढाच वेळ द्या. सामना नव्हे, सराव मोजा, कारण आपल्याकडे सामना वर्षातून एक-दोनच. बारा रकाने मराठीत आणताना नुसतं भाषांतर करू नका. "गाढवा" हा शब्द दारव्ह्यात कधी शिवी असतो आणि कधी लाड, ते आधी मुलांनाच विचारा, आणि दोन निरीक्षकांचं जुळतंय का ते तपासल्याशिवाय एकही नोंद धरू नका. संमतिपत्र पालकांचं घ्यावं लागेल, आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीचा वेळ आधीच धरून ठेवा. माझे चार महिने तिथे गेले होते, आणि माझे तर जिवाणूच होते.

थर्ड बेसवाला पोरगा शेवटच्या आठवड्यात परत आला. मी बदलले म्हणून, असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच आठवड्यात त्याचा आतेभाऊ सुट्टीला आला होता, त्याला बेसबॉल बघायचा होता, आणि पी.टी. सरही लग्न आटोपून परतले होते. त्याला मी विचारलं नाही. चेंडू सुटला तेव्हा त्याने मान खाली घातली, मी तीन आकडे मोजले आणि म्हटलं, "ग्लोव्ह जमिनीला टेकव." पुढचा त्याने पकडला, त्याच्या पुढचा परत सुटला.

पुढच्या पोस्टमध्ये हर्लबर्टचा लेख परिच्छेदागणिक वाचू. त्याआधी तुमच्या विषयातला एक पेपर काढून ठेवा आणि त्यात 'एन' किती लिहिलाय आणि तुमच्या मते किती आहे, ते दोन्ही आकडे वहीत लिहून आणा.